रेषेवरचा चेंडू : टेनिसमधून मुलांचं चारित्र्य कसं घडतं?



"खेळामुळे चारित्र्य घडतं" हे वाक्य आपण प्रत्येक क्रीडामहोत्सवाच्या भाषणात ऐकतो. मुलंही ते निबंधात लिहितात आणि मार्क मिळवतात. पण जरा थांबून विचार करू या. खेळल्यानं चारित्र्य आपोआप घडत असतं तर मैदानावर भांडणं झाली नसती, वयाचे खोटे दाखले निघाले नसते आणि हरलेल्या मुलानं घरी येऊन दार आपटलं नसतं. मैदानावर सचोटी शिकता येते, तशी लबाडीही शिकता येते. त्यातलं मूल काय उचलणार, हे बरंचसं आजूबाजूच्या मोठ्या माणसांवर, म्हणजे आपल्यावर अवलंबून असतं.

आजच्या पाठासाठी मी टेनिस हा खेळ निवडला आहे. त्यात फार मोठं कौशल्य शिकवायचं म्हणून नाही, तर या खेळाच्या नियमांतच मुलाला रोज परीक्षेला बसवणाऱ्या काही गोष्टी आहेत म्हणून. त्या एकेक करून पाहू. पहिलीवर जास्त वेळ घालवू, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

आधी खेळाची थोडक्यात ओळख

टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं आणि एकेरीसाठी ८.२३ मीटर रुंद. मध्ये नेट. गुण मोजायची पद्धत जरा वेगळी : शून्याला 'लव्ह', मग १५, ३०, ४० आणि गेम. दोघंही ४० वर आले की 'ड्यूस', आणि मग सलग दोन पॉइंट जिंकावे लागतात. किमान दोन गेमच्या फरकानं सहा गेम जिंकले की सेट मिळतो. या खेळात घड्याळ नाही. शेवटचा पॉइंट जिंकेपर्यंत सामना संपत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिला धडा : आपला न्याय आपणच करायचा

टीव्हीवर आपण पाहतो ते टेनिस वेगळं असतं. तिथे उंच खुर्चीवर पंच असतो, आता तर रेषेवर यंत्राची नजर असते. पण तुमच्या-माझ्या मुलांच्या स्पर्धांत बहुतेक सामन्यांना असा पंच नसतो. एक रेफरी चार-सहा कोर्टांवर फिरत असतो, एवढंच. मग चेंडू आत पडला की बाहेर, हे ठरवतं कोण? खेळाडूच!

नियम असा : नेटच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा. रेषेला चेंडूचा नुसता स्पर्श झाला तरी तो आत. निर्णय लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असा द्यायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शंका असेल तर फायदा समोरच्याला. म्हणजे 'मला नीट दिसलं नाही' याचा अर्थ 'आत होता' असाच घ्यायचा. सर्व्हिस करणाऱ्यानं प्रत्येक पॉइंटआधी गुण मोठ्यानं सांगायचे, म्हणजे हिशेबही उघड राहतो.

आता बारा वर्षांच्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सेट ५-५. समोरच्या मुलीनं जोरात मारलेला चेंडू मागच्या रेषेवर पडला, जेमतेम काठाला लागून. बघणारं जवळ कुणी नाही. आई-बाबा कुंपणापलीकडे, तिथून काही दिसत नाही. हात वर करून 'आऊट' म्हटलं की पॉइंट तिचा. गप्प राहिली तर पॉइंट गेला, कदाचित सामनाही. जिला निकालाचा फायदा होणार तीच न्यायाधीश! मोठ्या माणसांनाही कठीण जावं असं हे आसन आपण मुलांना देतो. आणि एका सामन्यात ही वेळ एकदा नाही, अनेकदा येते.

म्हणूनच मी म्हणते, मूल्यशिक्षणाच्या तासाला दिलेली दहा व्याख्यानं आणि रेषेवरचा एक चेंडू यांत चेंडू जास्त शिकवून जातो. प्रामाणिकपणाची व्याख्या तिथे विचारलीच जात नाही, त्याची किंमत मोजावी लागते.

जगातल्या मोठ्या खेळाडूंनीही ती मोजली आहे. २००५ सालची रोमची स्पर्धा. अमेरिकेचा अँडी रॉडिक विरुद्ध स्पेनचा फर्नांडो व्हर्डास्को. रॉडिक विजयापासून एक पॉइंट दूर होता. व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे सामना संपला. पण रॉडिकनं मातीवरचा चेंडूचा ठसा पाहिला आणि सांगितलं की चेंडू आत होता. खेळ पुढे चालू झाला आणि शेवटी रॉडिक तो सामना हरला. मुलांना ही गोष्ट सांगताना शेवट गोड करायचा मोह टाळा. तो हरला, हे स्पष्ट सांगा. प्रामाणिकपणाला नेहमी बक्षीस मिळतं असं शिकवलं, तर बक्षीस न मिळालेल्या दिवशी मूल प्रामाणिकपणाच सोडून देईल.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. वर्णभेदाच्या त्या काळात ते आपल्या घरच्या कोर्टवर कृष्णवर्णीय मुलांना टेनिस शिकवायचे. मुलांना त्यांची सक्त ताकीद असे की समोरच्याचा चेंडू अगदी थोडक्यात बाहेर पडला तर तो आत समजून खेळा आणि पंचाशी हुज्जत घालू नका. कारण या मुलांवर लबाडीचा आरोप करायला लोक टपूनच बसलेले असत. याच तालमीतून आर्थर ॲश तयार झाला. त्यानं १९६८ मध्ये अमेरिकन ओपन आणि १९७५ मध्ये विम्बल्डन जिंकलं. विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन हीसुद्धा डॉ. जॉन्सन यांच्याकडेच शिकलेली.

इथे एक सावधगिरी. त्या मुलांना बाहेरचे चेंडू आत द्यावे लागले, कारण समाज त्यांच्यावर अन्याय करत होता. ती लाचारी आपल्या मुलांवर लादायची नाही. स्पष्ट बाहेर पडलेला चेंडू स्पष्टपणे 'आऊट' म्हणायला मुलांनी, विशेषतः गरीब स्वभावाच्या मुलांनी, शिकलंच पाहिजे. सचोटी म्हणजे नमतं घेणं नव्हे. जे दिसलं ते सांगणं, आणि जे दिसलं नाही ते दिसलं असं न सांगणं, म्हणजे सचोटी.

"पण समोरचा लबाडी करत असेल तर?"

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे. "आमच्या मुलानं एकट्यानंच हरिश्चंद्र व्हायचं का?"

उत्तर तीन पायऱ्यांत द्यावं. एक, समोरच्याचा निर्णय चुकीचा वाटला तर शांतपणे विचारायचं, "नक्की बाहेर होता का?" पुष्कळदा मुलं स्वतःहून शब्द मागे घेतात. दोन, असं पुन्हा पुन्हा घडलं तर खेळ थांबवून रेफरीला बोलवायचं. ही चुगली नाही. तो प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे आणि तो वापरायला धीर लागतो. तीन, काहीही झालं तरी बदला म्हणून त्याचा आतला चेंडू बाहेर द्यायचा नाही. 'त्यानं केलं म्हणून मी केलं' हे एकदा कोर्टवर चाललं, की परीक्षेच्या हॉलमध्येही चालतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. प्रत्येक चुकीचा निर्णय ही लबाडी नसते. चेंडू वेगात असतो, आपण पळत असतो, आणि मनाला जे हवं असतं तेच डोळ्याला दिसतं. प्रामाणिक माणसाचीही नजर चुकते. म्हणून तर शंकेचा फायदा समोरच्याला द्यायचा नियम आहे. हे कळलं की मुलं दुसऱ्याला पटकन 'चीटर' म्हणत नाहीत. हा समजूतदारपणाही चारित्र्याचाच भाग नाही का?

दुसरा धडा : हरणं पचवणं, तेही पॉइंटागणिक

टेनिसमध्ये मूल एका तासात पन्नास वेळा हरतं आणि पन्नास वेळा जिंकतं. रॉजर फेडररनं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक हिशेब सांगितला. कारकिर्दीत तो एकेरीचे १,५२६ सामने खेळला. त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकला. पण पॉइंट किती टक्के जिंकला? फक्त ५४ टक्के! म्हणजे जगातला एक सर्वोत्तम खेळाडूसुद्धा जवळपास निम्मे पॉइंट हरत होता.

हा आकडा वर्गातल्या फळ्यावर लिहा. गणिताच्या एका चाचणीत कमी मार्क पडले म्हणून रडणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होईल. एक पॉइंट गेला तर तो गेला, आता पुढचा.

पण 'विसरून जा' असं नुसतं सांगून कुणी विसरत नसतं. त्यासाठी सवय लावावी लागते. दोन पॉइंटच्या मध्ये खेळाडूला २५ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. तेवढ्यात काय करायचं ते मुलाला ठरवून द्या : पाठ फिरवून चार पावलं चालायचं, एक लांब श्वास सोडायचा, रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करायच्या आणि पुढचा चेंडू कुठे मारायचा ते मनात ठरवायचं. हीच युक्ती प्रश्नपत्रिकेतला एखादा प्रश्न अडला तरी चालते.

मघाशी म्हटलं की या खेळात घड्याळ नाही. त्याचा अर्थ, आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही आणि पिछाडीवर असलात तरी संधी संपत नाही. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी खेळली. पहिला सेट त्यांनी २-६ असा गमावला. दुसरा ६-३ जिंकला, निर्णायक टायब्रेक १०-४ जिंकला आणि सुवर्णपदक मिळवलं. मुलांना पदकाचा फोटो दाखवताना तो २-६ चा सेटही सांगा.

तिसरा धडा : राग

राग सगळ्यांनाच येतो. तो कोर्टवर लपत नाही, कारण हातात रॅकेट असते आणि आपटायला जमीन! खुद्द फेडरर लहानपणी रॅकेट फेकणारा, तापट मुलगा म्हणून ओळखला जायचा. शांतपणा तो जन्मतः घेऊन आला नव्हता, कमावून आला. आपल्या घरातल्या तापट मुलाबद्दल 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून हात टेकण्याआधी हे आठवावं.

रागाची किंमत किती असू शकते, तेही मुलांना कळू दे. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये नोव्हाक जोकोविचनं चिडून एक चेंडू मागे मारला. तो रेषेवरच्या पंच बाईंच्या गळ्याला लागला. त्यानं मुद्दाम मारलेला नव्हता, लगेच जाऊन विचारपूसही केली. तरीही त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू स्पर्धेतून बाद झाला. हेतू वाईट नव्हता, पण कृतीची जबाबदारी त्याचीच होती. 'मी मुद्दाम नाही केलं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाशी या प्रसंगावर बोलता येईल.

घरी एक साधा नियम करा. रॅकेट आपटली की त्या दिवसाचा खेळ संपला. आरडाओरडा नको, भाषण नको, मार तर नकोच. रॅकेट पिशवीत आणि घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्यानं सुरुवात. मात्र नियम एकदा केला की तो पाळायचा, महत्त्वाचा सामना असला तरी.

चौथा धडा : जबाबदारी आणि जोडीदार

एकेरीत मूल कोर्टवर एकटं असतं. बदली खेळाडू नाही, चूक ढकलायला संघ नाही. मग 'ऊन डोळ्यांवर आलं', 'तारा सैल होत्या', 'चेंडू जुने होते' सुरू होतं. नाचता येईना अंगण वाकडं! अशा वेळी रागावू नका, फक्त विचारा : "ऊन तर दोघांनाही होतं. तू त्यावर काय केलंस?" आणि मुलाची पिशवी मुलालाच भरू द्या. पाण्याची बाटली विसरली तर विसरू दे. तहान लागली की रेफरीकडे किंवा मित्राकडे मागेल, आणि पुढच्या वेळी विसरणार नाही.

दुहेरीत वेगळाच अभ्यास असतो. जोडीदाराकडून सोपा चेंडू चुकला की तुमच्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते बघा. तोंडानं 'असू दे' म्हणायचं आणि खांदे पाडून दाखवायचं, हे मुलांना छान जमतं. चुकीनंतर जोडीदाराच्या हातावर हात मारायचा, ही दुहेरीतली पद्धत मुद्दाम शिकवा. ती दिखाऊ वाटली तरी हळूहळू आत उतरते.

कोर्टाबाहेरचा एक प्रसंग

वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक प्रसंग जरूर घ्या. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. विजय आणि आनंद अमृतराज हे भाऊ फॉर्मात होते. समोर होता दक्षिण आफ्रिका, जिथे तेव्हा वर्णभेदी राजवट होती. भारतानं त्या धोरणाच्या निषेधार्थ खेळायला नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला मिळाला. आजपर्यंत भारतानं डेव्हिस चषक जिंकलेला नाही. तो निर्णय सरकारचा होता, पण संधी खेळाडूंची गेली. वर्गात दोन गट करा आणि चर्चा होऊ द्या : जिंकण्यापेक्षा मोठं काही असतं का? आणि त्याची किंमत कुणी मोजायची? उत्तर तुम्ही देऊ नका.

आमच्या शाळेत कोर्ट नाही हो!

बहुतेक शाळांत नाही, आणि क्लबची फी सगळ्यांना परवडत नाही. पण टेनिसचा चेंडू आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, फक्त तो क्रिकेटला वापरला जातो. लहान मुलांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानंच छोट्या कोर्टची आणि हळू चेंडूंची पद्धत रूढ केली आहे. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचं कोर्ट साधारण ११ मीटर लांब आणि ५-६ मीटर रुंद असतं. शाळेच्या अंगणात खडूनं रेषा मारा, दोन खुर्च्यांना दोरी बांधा, मऊ चेंडू आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बॅट घ्या. झालं कोर्ट!

त्यावर घेण्यासारखे चार उपक्रम :

१. रेषेचा न्याय : एका मुलानं खडूच्या रेषेच्या आसपास दहा चेंडू टाकायचे. तिघांनी वेगवेगळ्या जागी उभं राहून प्रत्येक चेंडू 'आत' की 'बाहेर' ते आपापल्या वहीत लिहायचं, बोलायचं नाही. मग वह्या ताडून पाहायच्या. उत्तरं जुळत नाहीत तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघा. इथे कुणालाच जिंकायचं नव्हतं, तरी मतभेद झाले! शंकेचा फायदा म्हणजे काय, ते आता समजावून सांगा.

२. दोघं मिळून वीस : समोरासमोर उभ्या दोघांनी चेंडू न चुकता वीस वेळा इकडून तिकडे करायचा. इथे समोरच्याला सोपा चेंडू देणं हेच कौशल्य. वर्गातल्या हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या जोड्या लावा.

३. पंच नसलेला सामना : सात पॉइंटांचे छोटे सामने. शिक्षकांनी पाठ करून उभं राहायचं. गुण मुलांनी मोठ्यानं सांगायचे, वाद त्यांनीच मिटवायचे. शेवटी फक्त एक प्रश्न : "एखादा निर्णय द्यायला कठीण गेला का?"

४. शेवटचा चेंडू : तास संपल्यावर चेंडू वेचणं, दोरी गुंडाळणं, बॅट मोजून ठेवणं. यात जिंकलेला आणि हरलेला दोघंही. सुट्टी कुणालाच नाही.

एक विनंती. प्रामाणिकपणाला मार्क, स्टार किंवा 'आजचा प्रामाणिक खेळाडू' असं बक्षीस ठेवू नका. मग मुलं शिक्षक बघत असतानाच प्रामाणिक राहतील. त्यापेक्षा नंतर बाजूला घेऊन हळूच सांगा, "तू तो चेंडू आत दिलास, मी पाहिलं." एवढं पुरतं.

पालकांसाठी खास

सामना संपल्यावर घरी जातानाचा स्कूटरवरचा किंवा बसमधला अर्धा तास फार नाजूक असतो. तिथे तुमचा पहिला प्रश्न काय असतो, त्यावरून तुम्हाला कशाची किंमत आहे ते मुलाला कळतं. 'जिंकलास का?' हा पहिला प्रश्न नसावा. 'भूक लागली का?' हा उत्तम प्रश्न आहे. बाकीचं मूल स्वतःहून बोलू लागेल तेव्हा.

सामना चालू असताना कुंपणाबाहेरून खुणा करणं, समोरच्याच्या चुकीवर टाळ्या वाजवणं, त्याच्या पालकांशी वाद घालणं, हे कटाक्षानं टाळा. आणि 'आम्ही एवढा खर्च करतो तुझ्यावर' हे वाक्य तर कधीच नको. ज्या मुलाला प्रत्येक पॉइंटामागे आई-वडिलांचे पैसे दिसतात, त्याला रेषेवरचा चेंडू बाहेरच दिसणार. त्याच्या लबाडीत मग आपलाही वाटा असतो.

सर्वांत कठीण दिवस तो, जेव्हा तुमचं मूल खरं बोलून हरेल. चषक दुसऱ्याच्या हातात असेल आणि तुमच्या मनात येईल, 'काय गरज होती एवढं खरं बोलायची?' तो विचार ओठावर येऊ देऊ नका. मूल त्या क्षणी तुमच्याकडेच बघत असतं. आपण केलं ते बरोबर की मूर्खपणाचं, हे त्याला तुमच्या चेहऱ्यावर वाचायचं असतं. पाठीवर हात ठेवा. उद्या दुकानदारानं चुकून जास्त सुटे पैसे परत दिले, की हेच मूल मागे वळून दुकानात जाईल. तिथे पंच नसेल आणि प्रेक्षकही नसतील.

घरी आणि वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

- चेंडू आत होता हे फक्त तुलाच माहीत आहे. तू काय करशील? का?
- चुकीचा निर्णय आणि लबाडी यांत फरक कसा ओळखायचा?
- राग आल्यावर तुझ्या शरीरात सगळ्यात आधी काय होतं?
- हरल्यावर समोरच्याशी हात मिळवताना तू त्याच्या डोळ्यांत बघतोस का?

शेवटचा प्रश्न मुलांना विचारण्याआधी आपण मोठ्यांनी स्वतःला विचारून पाहावा.